वैशाखवणव्यातला नाताळ

नाताळची गाणी ही ऋतूला बांधलेली गाणी असतात, डिसेंबर उजाडला की ती बाहेर पडतात आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा उलटताच पुन्हा अडगळीत जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि जगात असेही श्रोते आहेत, की जे ही गाणी बारा महिने ऐकतात. त्यांतही सर्वांच्या तोंडी असलेली दहा-वीस गाणी बाजूला ठेवून आडवळणाची, चमत्कारिक, कोणे एके काळी गाजून विसरली गेलेली गाणी हुडकून काढतात, त्यांची एकमेकांशी तुलना करतात आणि शेवटी त्यांना क्रमांक देतात. वरवर पाहता हा चक्रमपणा वाटेल. परंतु गाण्याची योग्यता प्रसंगावरून ठरते की गाण्यावरून, या जुन्या प्रश्नाची इतकी सोपी आणि इतकी स्वस्त परीक्षा दुसऱ्या कोणत्याही छंदात होत नाही. ही परीक्षा घ्यायला छत्तीसगडमधल्या भिलाईसारखे गाव विशेष सोयीचे आहे, कारण तेथे बर्फ कधी पडत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि नाताळची गाणी मात्र निरनिराळ्या भाषांतून गायिली जातात.

बारमाही ऐकण्याचा आग्रह कशासाठी, हे समजण्यासाठी मानसशास्त्रातील दोन निरीक्षणे उपयोगी पडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली असे दाखवून दिले, की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की केवळ त्या परिचयामुळेच ती माणसाला आवडू लागते, मग तिच्यात मुळात गुण असोत वा नसोत. पुढे डॅनियल बर्लाइन यांनी या नियमाची दुसरी बाजू मांडली: परिचयाने आवड वाढते ती एका मर्यादेपर्यंतच, त्यानंतर तोच परिचय कंटाळ्यात बदलतो, म्हणजे आवडीचा आलेख टेकडीसारखा चढून उतरतो. डिसेंबरात दुकानांतून, उपाहारगृहांतून आणि दूरचित्रवाणीवरून तीच ती गाणी कानांवर आदळत असल्यामुळे श्रोता या टेकडीच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही. रोषणाई, केक, सुट्टी आणि थंडी यांनी मिळून जो माहोल तयार होतो, त्याचे श्रेयही गाण्याच्या खात्यात जमा होते. वैशाखात कूलरच्या घरघरीत तेच गाणे ऐकले म्हणजे ही उसनी मालमत्ता गळून पडते आणि चाल, शब्द व गळा एवढेच काय ते हाती उरते.

चमत्कारिक नाताळगीतांचा मोठा साठा अमेरिकेत तयार झाला, आणि त्याचे कारण तेथील ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात आहे. नाताळच्या तोंडावर मुलांसाठी तबकड्या विकत घेण्याची रीत पडल्यावर दरवर्षी नवे काहीतरी हवे असे, आणि जन्मकथेत नवे भरण्यासारखे फारसे नसल्यामुळे रचनाकार विनोदाकडे वळले. १९५२ साली जिमी बॉइड या तेरा वर्षांच्या मुलाने आईला सांताक्लॉजचे चुंबन घेताना पाहिल्याचे गाणे म्हटले. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा शहरातल्या गेला पीवी या दहा वर्षांच्या मुलीने नाताळची भेट म्हणून पाणघोडा मागितला, आणि ते गाणे इतके गाजले की शहरात वर्गणी जमवून तिला खरोखरीचा पाणघोडा देण्यात आला व तिने तो प्राणिसंग्रहालयाच्या स्वाधीन केला. गाण्यातली मागणी शब्दशः पुरी झाल्याचे असे उदाहरण कोणत्याही भाषेच्या संगीतात विरळाच.

या विनोदी परंपरेत तंत्राचा वाटाही मोठा होता. १९५८ सालचे ‘द चिपमंक साँग’ रॉस बॅगडसारियन यांनी डेव्हिड सेव्हिल या नावाने काढले. त्यात खारीच्या जातीच्या तीन प्राण्यांचा जो किनरा आवाज ऐकू येतो, तो मिळवण्यासाठी गाणे संथ गतीने म्हणून ध्वनिफितीवर घेतले होते आणि मग ती फीत दुप्पट वेगाने फिरवली होती. फितीचा वेग दुप्पट झाला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो, त्यामुळे चाल बिघडत नाही आणि माणसाचा गळा मात्र माणसाचा राहत नाही. पहिल्याच ग्रॅमी पुरस्कारांत या गाण्याला तीन पुरस्कार मिळाले आणि त्यांपैकी एक ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीबद्दल होता, हे विनोदी गाण्यांना हलके लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्याआधी तीन वर्षे, १९५५ मध्ये, कार्ल वाइसमान या डॅनिश पक्षिनिरीक्षकाने कुत्र्यांच्या भुंकण्यातून ‘जिंगल बेल्स’ वाजवले होते. पक्ष्यांचे आवाज टिपताना मध्येच कुत्री भुंकत आणि मुद्रण नासत असे. तो नको असलेला भाग फितीतून कापून काढता काढता वेगवेगळ्या उंचीच्या भुंकण्यांचे तुकडे शिलकीत पडले, आणि ते सुरांच्या क्रमाने जोडले की चाल तयार होते असे ध्यानात आले. आज संगणकावर शाळकरी मुलगाही हे करील. तेव्हा प्रत्येक सूर म्हणजे कात्रीने कापून चिकटवलेली फितीची एक पट्टी होती.

‘जिंगल बेल्स’ची स्वतःची हकीकतही विलक्षण आहे. जेम्स पियरपाँट यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या या गाण्यात नाताळचा उल्लेख मुळीच नाही; एका घोड्याच्या घसरगाडीतून बर्फावर मारलेल्या रपेटीचे ते गाणे आहे, आणि नाताळने त्याला पुढे दत्तक घेतले. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ या यानातून वॉल्टर शिरा आणि टॉमस स्टॅफर्ड यांनी माउथ ऑर्गन व घुंगरू चोरून नेऊन ते वाजवले, तेव्हा अवकाशात वाद्यांवर वाजलेले पहिले गाणे होण्याचा मान त्याला मिळाला. भारतात त्याच्या वाट्याला याहूनही चमत्कारिक नशीब आले. यूएम६६ नावाची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी तीन पायांची एक चिप बाजारात आली, जिच्यात सूर आधीच कोरलेले असत; तिच्या काही प्रकारांत ‘जिंगल बेल्स’ भरलेले होते. ही चिप दारावरच्या घंटांत आणि उघडताच वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांत बसली, आणि घरात ख्रिस्ताचे नावही न निघणाऱ्या कुटुंबांनी दूधवाला आल्याची वर्दी वर्षानुवर्षे नाताळच्या सुरांत ऐकली. बारमाही श्रवणाचा प्रयोग अशा रीतीने आपल्याकडे कुणाच्या ध्यानीमनी नसताना आधीच पार पडला होता. हिंदी चित्रपटांनीही या प्रकाराला हात घातला. १९७४ च्या ‘शानदार’मध्ये सांताक्लॉज येण्याचे गाणे किशोरकुमारच्या आवाजात आहे, आणि ते ऐकताना नाताळ आणि होळी यांत दिग्दर्शकाने फारसा भेद केला नसावा अशी शंका येते.

क्रमवारीचा प्रश्न याहून अवघड आहे. ब्रिटनमध्ये १९५२ च्या नोव्हेंबरात तबकड्यांच्या विक्रीवरून साप्ताहिक यादी लावण्याचा प्रघात सुरू झाला आणि नाताळच्या आठवड्यात पहिल्या जागी कोणते गाणे असेल हा तेथे पैजांचा विषय होऊन बसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी तीत गाण्यांना क्रम नव्हता, पण पुढे दुकानांतील विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पत्रे यांच्या आधाराने ‘पायदान’ ठरू लागले आणि वर्षाचे ‘सरताज गीत’ कोणते यावर घराघरांत वाद झडू लागले. फर्माइशी पाठवणाऱ्या गावांत झुमरीतलैयाच्या जोडीने छत्तीसगडमधल्या भाटापाऱ्याचे नावही त्या काळी निवेदकांच्या तोंडी असे, तेव्हा गाण्यांना क्रमांक देण्याची हौस या मुलखाला नवी नाही. परंतु विक्रीची यादी लोकप्रियता मोजते, आणि लोकप्रियता रुसव्यावरही चालते. २००९ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील विजेत्यांनीच दर नाताळला पहिली जागा बळकावावी याचा राग येऊन ब्रिटिश श्रोत्यांनी ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे एक संतप्त, नाताळशी काडीचाही संबंध नसलेले जुने गाणे विकत घेऊन अव्वल ठरवले. यादी खरी होती, पण तिने सांगितले ते गाण्याविषयी नव्हते.

एकट्या श्रोत्याने क्रमवारी लावायची तर तिच्यासाठी एल. एल. थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेली जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत अधिक भरवशाची ठरते. माणसाला वीस गाण्यांना एकाच बैठकीत गुण देणे जमत नाही, कारण सकाळचे सात गुण आणि संध्याकाळचे सात गुण सारखे नसतात. मात्र दोनच गाणी पुढे ठेवली तर त्यांतले बरे कोणते हे तो बहुधा ठामपणे सांगतो. वीस गाण्यांच्या अशा एकशे नव्वद जोड्या होतात, म्हणजे डिसेंबरच्या एकतीस दिवसांत उरकण्याचे हे काम नव्हे; बारमाही श्रवणाला येथे दुसरे, निव्वळ हिशेबी कारण मिळते. या पद्धतीतही एक खोच आहेच. पहिले गाणे दुसऱ्याहून सरस, दुसरे तिसऱ्याहून सरस आणि तिसरे पुन्हा पहिल्याहून सरस, असे चक्र पडू शकते. मतदानात असे घडते हे फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ सालीच दाखवले होते. पण एकाच माणसाच्या एकाच डोक्यातही ते घडते, कारण एका जोडीत तो चाल ऐकतो, दुसरीत शब्द, आणि तिसरीत त्याला आजोळ आठवते. अशा वेळी त्या तिन्ही गाण्यांना एकच क्रमांक देणे हे प्रामाणिकपणाचे आहे.

भिलाईचे वैशिष्ट्य तिच्या जन्मात आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भाताच्या खाचरांच्या जागी सेक्टरांचे गाव उभे राहिले. केरळ, आंध्र, ओडिशा, बंगाल, विदर्भ आणि छत्तीसगडची खेडी येथून माणसे आली, ती आपापले सणही बरोबर घेऊन आली. भट्टी सणासाठी विझवता येत नाही, पाळ्या चालूच राहतात, त्यामुळे येथे सण साजरा करायचा तो पाळीच्या वेळा सांभाळून. केरळी ख्रिस्ती कुटुंबांनी घरोघर जाऊन गाण्याची आपली रीत येथे आणली. ढोल, टाळ्या आणि मुखवटा घातलेला म्हातारा सांता यांच्यासह निघणारी ही फेरी ऐकली, की हे गाणे बसून ऐकण्यासाठी नसून फाटकापाशी उभे राहून दोन मिनिटांत दार उघडायला लावण्यासाठी रचलेले आहे हे लगेच कळते. त्याची लय चालण्याची आहे, ध्रुपद लवकर येते, आणि कडवे विसरले तरी कुणाचे काही बिघडत नाही.

सोव्हिएत तंत्रज्ञ आणि त्यांची कुटुंबे ज्या देशातून येथे आली, तेथे क्रांतीनंतर नाताळ सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाला होता आणि नाताळचे झाडही निषिद्ध ठरले होते. २८ डिसेंबर १९३५ रोजी ‘प्रावदा’त पावेल पोस्तिशेव या नेत्याचे पत्र छापून आल्यावर ते झाड नव्या वर्षाचे झाड म्हणून परत आले. झाडाबरोबर एक गाणेही परतले. राइसा कुदाशेवा या शिक्षिकेने लिहिलेली एक बालकविता १९०३ साली केवळ आद्याक्षरांखाली छापली गेली होती. रानात उगवलेल्या लहानशा देवदाराला वादळ अंगाई गाते, ससा त्याच्या बुंध्याशी उड्या मारतो, आणि शेवटी शेतकरी ते तोडून मुलांच्या घरी आणतो, एवढाच तिचा विषय. लेओनिद बेकमान यांनी १९०५ मध्ये आपल्या मुलीसाठी तिला चाल लावली. त्यांना स्वरलिपी लिहिता येत नसल्यामुळे पियानोवादक असलेल्या त्यांच्या पत्नीने ती उतरवून घेतली. त्या गाण्यात ना ख्रिस्त होता ना देवदूत, म्हणूनच नास्तिक राजवटीत ते सुखरूप राहिले आणि रशियन बालकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ते नव्या वर्षाचे गाणे म्हणून म्हणत आल्या. ‘जिंगल बेल्स’ नाताळचे नसून नाताळचे झाले, आणि हे नाताळचे असून नव्या वर्षाचे झाले. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

मराठी वाचकाला या परिसराशी बांधणारा धागा मात्र कारखान्याहून बराच जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि पुढे इंग्रजी अमदानीतही नागपूरशी त्याचा राबता राहिला. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले असता डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला, ज्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ही हकीकत मराठी घरांत परिचित आहे, पण ते राजनांदगाव आजच्या भिलाईपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर, त्याच लोहमार्गावर आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टिळकांनी पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि पदे दिली, आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये अपुरे ठेवून ते गेल्यावर त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला, ज्यांचे रीतसर शिक्षण नाममात्रच होते.

टिळकांच्याही आधी अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात: पहिल्यात एका पदावर निरूपण होते आणि दुसऱ्यात त्याला दाखला म्हणून आख्यान लावले जाते. ख्रिस्तजन्माचे आख्यान या साच्यात घातले म्हणजे साकी, दिंडी, आर्या अशी वृत्ते बदलत कथा पुढे सरकते, गुराखी साकीत बोलतात तर राजा हेरोद दुसऱ्याच चालीत, आणि टाळ-मृदंगाच्या साथीने ती दोन-अडीच तास चालते. तीन मिनिटांच्या तबकडीवर पोसलेल्या क्रमवारीला हे मोजायचे कसे हेच उमगणार नाही. जन्माच्या प्रसंगी पाळणा म्हणण्याची मराठी रीत रामकृष्णांच्या जोडीने ख्रिस्तालाही लाभली, आणि पाळण्याला बर्फाची गरज कधी पडली नाही.

या साऱ्यांच्या मागे, तीनशे वर्षे आधी, गोव्यात टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उभा आहे. १५७९ मध्ये तो गोव्यास आला, साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवीचा बांधा सोपा असतो: पहिले तीन चरण एकाच यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड व मोकळा, जणू गाणाऱ्याला श्वास घेण्यासाठी ठेवलेली जागा. या बांध्यात ख्रिस्तजन्म सांगितला की बेथलेहेमचे गोवळ गोकुळाच्या शेजारचे वाटू लागतात. जवळपास त्याच काळात, १६४२ च्या सुमारास, कॅनडात झां द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइटाने वेंडॅट लोकांच्या भाषेत रचलेले मानले जाणारे नाताळगीत जगातील आगळ्या नाताळगीतांच्या चर्चेत हमखास निघते. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र तीत क्वचितच येते, याचे कारण गुणांत नसून ध्वनिमुद्रणाच्या अभावात आहे.

आता क्रम लावायचाच तर, वर सांगितलेल्या कसोटीने, म्हणजे डिसेंबर वजा केल्यावर काय उरते या हिशेबाने, ओवीतला ख्रिस्तजन्म पहिला येतो, कारण ओवी मुळातच रोजच्या कामाचा आणि कोणत्याही महिन्याचा छंद आहे. दुसरे स्थान रशियन देवदाराला द्यावे लागते, कारण त्याची गोष्ट झाड तोडले जाण्याची असूनही चाल हसरी आहे आणि हा अंतर्विरोध दहाव्यांदा ऐकतानाही बोथट होत नाही. पाणघोड्याचे गाणे तिसरे. त्यातला विनोद पहिल्याच खेपेस संपतो, पण त्या मुलीच्या गळ्यातला हट्ट संपत नाही. केरळी फेरीचे गाणे आणि चिपमंक यांच्यातला निकाल दर खेपेस उलटतो, तेव्हा दोघांना मिळून चौथी जागा. भुंकणारी कुत्री शेवटी, मात्र यादीबाहेर नव्हेत. दारावरच्या घंटेतले ‘जिंगल बेल्स’ बाद, कारण ते केव्हा वाजावे हे ऐकणारा ठरवत नाही, बाहेर उभा असलेला ठरवतो.

एक प्रकार या क्रमवारीत मुद्दामच घेतलेला नाही. छत्तीसगडच्या उत्तरेस जशपूर जिल्ह्यात, कुनकुरीच्या प्रचंड चर्चच्या परिसरात आणि आसपासच्या उरांव गावांत नाताळच्या रात्री सादरी व कुडुख भाषांतील गाणी मांदर या ढोलाच्या ठेक्यावर म्हटली जातात. तिकडची माणसे भिलाईतही कामाला आहेत. ही गाणी हातांत हात गुंफून, गोल धरून, पाय टाकत म्हणायची असतात. पहिली ओळ एका बाजूने उठते, दुसरी बाजू ती उचलते, आणि मांदरवाला मध्ये राहून पावलांकडे बघत ठेका आवरतो किंवा सोडतो, त्यामुळे तेच गाणे एका रात्री पाच मिनिटांचे तर दुसऱ्या रात्री अर्ध्या तासाचे होते. वही-पेन घेऊन कडेला बसलेल्या माणसाला त्यातले निम्मेच मिळते, आणि निम्म्या गाण्याला क्रमांक देण्याची सोय थर्स्टनच्या पद्धतीत नाही.